आखाजीचा मुहूर्त आणि भिंतीवरचा ताजा रंग

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झालो. मुलगा जळगावला नोकरीस असल्यामुळे तेथेच, शहराबाहेरच्या एका वसाहतीत, चौदा वर्षांपूर्वी बांधलेले स्वतंत्र घर घेण्याचे चालले आहे. घर तळमजल्याचे असून वरची एक खोली मागाहून बांधलेली आहे. किंमत ४६ लाख रुपये सांगितली आहे. घराला नुकताच रंग दिलेला आहे, तरीही स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली एक बारीक चीर मला दिसली. मालक म्हणाले, ती नुसती प्लास्टरची आहे. माझे शालक म्हणतात, ‘काळ्या जमिनीत बिनचिरेचे घर दाखवा आणि माझ्याकडून हजार रुपये घेऊन जा.’ मालकांना आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर सौदापावती करून हवी आहे, म्हणजे माझ्या हाती जेमतेम तीन आठवडे आहेत. घर कसे तपासावे आणि कोणत्या चिरेला भ्यावे, हे कृपया सांगावे.
— एक निवृत्त शिक्षक

सप्रेम नमस्कार.

आपल्या शालकांचे म्हणणे निम्मे खरे आहे. खानदेशातल्या काळ्या जमिनीवर दहा-पंधरा वर्षे उभ्या असलेल्या घराला एकही चीर नसणे विरळाच. परंतु त्यांच्या बोलण्यातून ‘मग चिरेकडे पाहायचेच कशाला’ असा जो अर्थ निघतो, तो धोक्याचा आहे. चीर आहे की नाही यापेक्षा ती अजून हलते आहे की नाही हे महत्त्वाचे असते, आणि ते एका भेटीत, तेही एकाच ऋतूत, कळत नाही. आपण घर पाहिले ते ऐन उन्हाळ्यात. या दिवसांत आपल्याकडचे कोणतेही घर कोरडे ठणठणीत दिसते, कारण गच्ची गळकी असली तरी गळायला पाणी नसते, भिंतीत ओल येत असली तरी ती वाळून गेलेली असते, आणि मालकाला जी काही मलमपट्टी करायची असते ती त्याने याच दिवसांत उरकून वर रंगाचे दोन हात मारलेले असतात. म्हणून हे घर आपण एकदा कोरडे आणि एकदा ओले, असे दोनदा पाहावे. पावसापर्यंत थांबणे जमणारच नसेल, तर स्वतः पाणी ओतून ते ओले करून पाहावे. पुढे जे लिहितो आहे ते बहुतेक याच एका सल्ल्याचा विस्तार आहे.

आधी जमिनीविषयी, कारण आपल्या स्वयंपाकघरातली चीर बहुधा तिथूनच वर आलेली आहे. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाईट या गटातली चिकणमाती असते. ती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात कपाशीच्या मोकळ्या रानात हात कोपरापर्यंत आत जाईल अशा भेगा पडतात, त्या आपण पाहिलेल्याच असतील. घराखाली हीच माती असते. फरक एवढाच की घराच्या मधल्या भागाखालची माती झाकलेली असल्यामुळे तिच्यातला ओलावा वर्षभर साधारण सारखा राहतो, आणि कडेची माती मात्र उन्हाळ्यात वाळून खाली बसते व पावसाळ्यात फुगून वर येते. घराचे कोपरे असे दरवर्षी थोडे खाली-वर होत राहतात आणि मध्य जागच्या जागी राहतो. त्यामुळे या जमिनीतले तडे बहुतेक करून कोपऱ्यावरच्या खोल्यांत पडतात आणि खिडकी-दाराच्या कोनांतून तिरपे निघतात. तडा वर रुंद आणि खाली निमुळता असेल, तर भिंतीचे टोक मधल्या भागाच्या मानाने बसलेले असते. उलट तो खाली रुंद आणि वर निमुळता असेल, तर मध्य खचला आहे किंवा टोके उचलली गेली आहेत.

पाया या हलणाऱ्या थराच्या खाली, मुरमापर्यंत नेलेला असेल तर घराला मातीचा हा खेळ फारसा बाधत नाही. पाचोरा-चाळीसगावकडे पुष्कळ ठिकाणी मुरूम लवकर हाती लागतो. तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात, म्हणजे चोपडा, यावल, रावेर या बाजूला, मुरमापर्यंत खोदणे कोणालाच परवडत नाही. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेले छोटे पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, विकसित केले. ते साधारण साडेतीन मीटर खोल नेतात आणि वरून बीमने, म्हणजे आडव्या तुळईने, एकमेकांना बांधतात. चौदा वर्षांपूर्वीच्या एका खासगी घराला असा पाया असण्याची शक्यता कमी आहे, पण विचारायला हरकत नाही. मालकांना तीन प्रश्न सरळ विचारावेत. पाया किती खोल गेला आणि मुरूम लागला का? जोत्याला प्लिंथ बीम आहे का? आणि जोत्यात भर मुरमाची घातली की पायातून निघालेली काळी मातीच परत आत लोटली? ज्याने घर स्वतःला राहण्यासाठी बांधले त्याला ही उत्तरे तोंडपाठ असतात, आणि पुष्कळदा बांधकामाच्या वेळचे फोटोही त्याने जपून ठेवलेले असतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फरशीही देते. रुपयाचे नाणे घेऊन खोलीच्या मधोमध आणि कडेला फरशीवर ठोकून पाहावे. मधली फरशी पोकळ वाजत असेल आणि किंचित उचललेली वाटत असेल, किंवा भिंतीच्या कडेच्या स्कर्टिंगखाली फट पडलेली असेल, तर जोत्यातली भर हलली आहे.

आता चिरांकडे वळतो. आपले घर आर. सी. सी., म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, चौकटीचे आहे असे मी धरून चालतो. अशा घरात विटांची भिंत ही दोन कॉलमांमध्ये, म्हणजे उभ्या खांबांमध्ये, भरलेली असते. वजन कॉलम आणि बीम पेलतात. बीमच्या खालून भिंतीच्या लांबीने गेलेली बारीक आडवी रेघ, किंवा कॉलमच्या कडेने गेलेली उभी रेघ, ही वीट आणि काँक्रीट उन्हात कमी-जास्त ताणली जाण्यामुळे पडते. ज्या गावी पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तिथे तिचे नवल नाही. सगळ्यांत वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या लगेच खाली, ती हमखास सापडते. तिच्यासाठी घर सोडू नये. प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या रेघाही निरुपद्रवी असतात. प्लास्टरवर पुरेसे पाणी मारले नाही, एवढेच त्या सांगतात.

भ्यायचे ते तीन प्रकारच्या तड्यांना. पहिला प्रकार म्हणजे आत आणि बाहेर एकाच जागी दिसणारा तिरपा तडा. तो प्लास्टरचा नसून आरपार भिंतीचा असतो. दुसरा, तीन मिलिमीटरहून रुंद असलेला, म्हणजे दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवून ज्यात शिरतील असा तडा. आणि तिसरा, सर्वांत वाईट, कॉलमच्या कोपऱ्याला समांतर, आतल्या सळईच्या रेषेतच उभी गेलेली चीर. गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी अधिक जागा घेते आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर येते. म्हणून ही चीर दिसली म्हणजे गंज आतपर्यंत पोहोचला असे समजावे. खारे बोअरचे पाणी वापरलेल्या आणि पाणी मारण्यात कुचराई झालेल्या बांधकामात हे लवकर होते. आय. एस. ४५६ या मानकाप्रमाणे आर. सी. सी.साठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, आणि कोरड्या उष्ण हवेत काँक्रीट किमान दहा दिवस ओले ठेवावे. मे महिन्यात ओतलेल्या स्लॅबवर आळी करून दहा दिवस पाणी उभे ठेवणारा ठेकेदार भेटला तर त्याचे पाय धरावेत.

आपण सांगितलेली चीर पहिल्या प्रकारातली आहे का, ते आधी बाहेरून पाहा. स्वयंपाकघराच्या खिडकीची बाहेरची बाजू, तोच कोपरा. बाहेर काहीच नसेल तर मालकांचे म्हणणे बरोबर असू शकेल. बाहेरही ती असेल, तर मालकांच्या परवानगीने चिरेच्या दोन्ही बाजूंचा रंग आणि पुट्टी बोटभर खरवडून, तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवावी. आपण शिक्षक आहात. शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची जी काचपट्टी असते, ती यासाठी उत्तम. दोन टोकांना थोडे एपॉक्सी लावून ती थेट प्लास्टरवर बसवावी, रंगावर नव्हे, आणि शेजारी पेन्सिलने तारीख घालावी. काच ताणली जात नाही. भिंत जरा जरी हलली तरी पट्टी तडकते किंवा सुटते. तीन आठवड्यांत ती तडकली नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये. तिची खरी परीक्षा पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर, खालची माती फुगू लागली म्हणजे होते. या पट्टीसाठी तरी खरेदी थोडी पुढे ढकलता आली तर पाहावे. कसे, ते शेवटी सांगतो.

चिरेपेक्षाही दारे अधिक खरे बोलतात, कारण त्यांना पुट्टी लावता येत नाही. प्रत्येक दार पूर्ण उघडून मिटावे. ‘पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून अडते’ हे उत्तर ठरलेले आहे आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण फुगलेले दार बहुधा सगळ्या कडेने घट्ट होते. चौकटच वाकडी झालेली असेल तर ते एकाच कोपऱ्यात घासते, आणि मग सुताराला बोलावून तेवढाच कोपरा रंधून घेतलेला असतो. दाराच्या वरच्या कडेवर बोट फिरवा. एका टोकाला लाकूड उतरत गेलेले आणि तिथेच रंग नसलेले हाताला लागले, तर ते दार किमान एका पावसाळ्यात अडलेले आहे. टेप घेऊन चौकटीचे दोन्ही कर्णही मोजावेत. ते सारखे असायला हवेत. सेंटिमीटरभर फरक निघाला तर चौकट मुळातच वाकडी बसवलेली आहे किंवा तिच्याखालचे जोते हलले आहे.

घर पाहताना रंगारी जिथे पोहोचत नाही तिथे आधी जावे. मीटरपेटीच्या आत, माळ्यावर, जिन्याखालच्या अडगळीत, भिंतीतल्या कपाटाच्या तळाशी आणि ओट्याखाली सिलिंडर ठेवतात त्या कोनाड्यात भिंत आहे तशीच राहिलेली असते. तिथे किल्लीच्या टोकाने प्लास्टर हलके खरवडून पाहावे. पिठासारखा भुगा पडत राहिला तर सिमेंट कमी आहे किंवा पाणी मारलेले नाही. पांढरी मिठासारखी फुले आलेली दिसली तर भिंतीला लोणा लागला आहे. हा लोणा जमिनीपासून गुडघा-कंबरेच्या उंचीपर्यंत सलग असेल तर ओल पायातून वर चढते आहे, आणि तिचा बंदोबस्त खर्चिक असतो. तोच एका खिडकीखाली पसरट डागासारखा असेल, तर त्या खिडकीला कूलर लावत होते का ते विचारावे. खानदेशात चार महिने चालणाऱ्या कूलरचे पाणी गळून गळून भिंत खराब होणे ही नेहमीची गोष्ट आहे. कूलर काढला की ती भिंत सुधारते, त्यामुळे पायाच्या ओलीची आणि कूलरच्या ओलीची गल्लत करून चांगले घर हातचे घालवू नये. शंका राहिलीच तर फूटभर जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर हवाबंद लावून दुसऱ्या दिवशी काढावा. भिंतीकडच्या बाजूला दव धरलेले असेल तर ओल भिंतीच्या आत आहे.

सांडपाण्याची चौकशी फार थोडे लोक करतात, आणि माझ्या मते काळ्या जमिनीत घर बिघडवणारे ते पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. शहराबाहेरच्या वसाहतींत भुयारी गटार पोहोचलेले नसेल तर सेप्टिक टँक आणि त्याच्या पुढे शोषखड्डा असतो. काळ्या मातीत पाणी मुरत नाही. ओली झालेली चिकणमाती स्वतःच स्वतःची छिद्रे बुजवते, मग खड्डा भरतो आणि पाणी आडवे पसरत जवळच्या पायाशी येते. हे मी पुस्तकातून सांगत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधकामांवर देखरेख करणाऱ्या मी स्वतःच्या घराचा शोषखड्डा, प्लॉट लहान म्हणून, मागच्या कोपऱ्याला जेमतेम चार फुटांवर घेतला होता. तिसऱ्या पावसाळ्यात मोरीचे दार अडू लागले, दिवाळीला ते आपोआप सुटले, आणि पुढच्या श्रावणात त्याच कोपऱ्यातून करंगळी टेकेल एवढी तिरपी चीर वर गेली. तो खड्डा बुजवून सांडपाणी पुढच्या अंगणाकडे वळवले, तेव्हा कुठे पुढच्या दोन वर्षांत ती चीर स्थिरावली. म्हणून मालकांना टाकीचे आणि शोषखड्ड्याचे झाकण कुठे आहे ते दाखवायला सांगावे, टाकी शेवटची कधी उपसली ते विचारावे, आणि आपली चीर ज्या कोपऱ्यात आहे त्याच्यापासून ते अंतर पावलांनी मोजावे. पिण्याच्या पाण्याची जमिनीतली टाकी, नळाची जुनी जोडणी आणि भिंतीलगत रोज पाणी घातली जाणारी फुलझाडे यांनाही हाच न्याय लावावा. घराभोवती जोत्याला लागून तीन-चार फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली काँक्रीटची पट्टी असेल तर तो मालक शहाणा आहे. भिंतीजवळचा मोठा निंब किंवा उंबर मुळांनी माती कोरडी पाडतो, आणि अलीकडेच तोडलेल्या झाडाचा बुंधा दिसला तर तीच माती आता पाणी पिऊन पुन्हा फुगणार असते. दोन्ही गोष्टी विचारून ठेवाव्यात.

गच्चीवर उन्हाळ्यातही पाणी वाचता येते. पाणी जिथे साचत होते तिथे बारीक गाळ वाळून त्याचे पापुद्रे सुटलेले असतात आणि कडेला वर्तुळासारखी रेघ राहते. अशी वर्तुळे पाइपाच्या तोंडाशी असतील तर समजू शकते, पण गच्चीच्या मधोमध असतील तर उतार चुकलेला आहे. कठड्याच्या आणि स्लॅबच्या सांध्यावरचा वाटा, म्हणजे सिमेंटची गोलसर पट्टी, फुटला आहे का, आणि कोब्यावर नुकताच कसला रासायनिक थर दिला आहे का, तेही पाहावे. नवा कोरा थर हा काळजीचाही पुरावा असतो आणि गळतीचाही, त्यामुळे तो का दिला हे विचारलेच पाहिजे. खरी परीक्षा पाणी उभे करण्याची. हजार चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे सुमारे पावणेपाच हजार लिटर, अर्थात एक लहान टँकर. चैत्रात जळगावला गच्चीवर टँकर ओतणे हे कोणालाही पाप वाटेल, म्हणून सगळी गच्ची न भरता संशयाच्या भागाभोवती मातीची पाळ घालून तेवढाच भाग भरावा, उन्हाने उडालेले पाणी संध्याकाळी पुन्हा घालावे आणि ४८ तासांनी खालचे छत पाहावे. खाली पी. ओ. पी.चे खोटे छत असेल तर त्यातला एखादा दिवा काढून त्या भोकातून टॉर्चने वर पाहावे. न्हाणीघरात तर हे अगदी सोपे आहे: प्लास्टिकच्या पिशवीत फडके कोंबून जाळीचे तोंड बंद करावे, दोन इंच पाणी भरून पेन्सिलने खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी खूण व पलीकडची भिंत दोन्ही पाहावीत.

वरच्या खोलीबद्दल मला आपल्या चिरेइतकीच काळजी वाटते. ती मागाहून बांधली, म्हणजे खालचा पाया आणि कॉलम तिच्या हिशेबाने घेतलेले होते की नव्हते, हा प्रश्न येतो. मंजूर नकाशाची प्रत मागावी. त्यात ती खोली आहे का, आणि खोलीच्या भिंती खालच्या कॉलम-बीमवर येतात की नुसत्या स्लॅबच्या पोटावर उभ्या आहेत, ते ताडून पाहावे. स्लॅबच्या मधोमध विटांची भिंत चढवलेली असेल तर खालच्या खोलीचे छत मध्यावर किंचित झुकलेले असते. छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणून धरली की ते डोळ्यांना दिसते. परवानगी नसलेली खोली पुढे कर आणि कर्ज या दोन्हींत अडचण करते, ही वेगळी गोष्ट.

कागद पाहायला वकील लागतोच, परंतु एक जुना कागद आपण घर तपासण्यासाठी वापरावा. ही वसाहत कोणाच्या तरी शेतावर झालेली आहे. त्या गटाचा बिनशेती होण्यापूर्वीचा जुना सातबारा काढावा आणि त्यातल्या पीकपाहणीच्या भागात पाण्याचे साधन म्हणून काय लिहिले आहे ते वाचावे. विहीर लिहिलेली असेल तर ती आता कुठे आहे, हे शोधणे भाग आहे. ले-आउट पाडताना अशा विहिरी राडारोडा लोटून बुजवतात आणि वर प्लॉट विकतात. ती भर वर्षानुवर्षे बसत राहते. माझ्या पाहण्यातल्या एका घराची मागची बाजू दर पावसाळ्यात खचत होती आणि कोणालाच कारण उमगत नव्हते. शेवटी शेजारच्या ओट्यावरच्या एका म्हाताऱ्याने सांगितले, ‘आठे इहिर व्हती, भाऊ’, म्हणजे इथे विहीर होती. नाला बुजवून केलेल्या प्लॉटांचेही असेच असते.

विजेची तपासणी थोडक्यात आटोपेल. कूलर आणि पाण्याचा पंप एकदम चालू करून अर्ध्या तासाने बोर्डाला हात लावावा, गळतीचा झटका रोखणाऱ्या आर. सी. सी. बी.चे चाचणीचे बटण दाबून वीज लगेच जाते का पाहावे, आणि अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते विचारावे, कारण कोरड्या काळ्या मातीत उन्हाळ्यात त्याला पाणी घातले नाही तर ते अर्थिंग नावापुरतेच उरते. वाळवीसाठी दारांच्या चौकटींचे खालचे हातभर लाकूड स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावे, एवढे पुरे.

हे सगळे केल्यावर एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवावे. तो दलालाने किंवा मालकाने सुचवलेला नसावा, आणि आपण टिपलेल्या गोष्टींची यादी त्याच्या हाती द्यावी, म्हणजे तो नुसता फेरफटका मारून परतणार नाही. त्याची फी ४६ लाखांपुढे काहीच नाही. कॉलमवर हातोडीसारखे एक उपकरण मारून तो आकडे घेईल. ते उपकरण पृष्ठभागाचा कणखरपणा सांगते, गंज सांगत नाही. म्हणून कॉलमला समांतर चीर असेल तर एका जागी कव्हर, म्हणजे सळईवरचे काँक्रीट, फोडून सळई उघडी करून पाहण्याचा आग्रह धरावा.

कायद्याबाबत एक गैरसमज दूर करतो. नव्या नोंदणीकृत प्रकल्पात बिल्डरवर ताब्यापासून पाच वर्षे दोषांची जबाबदारी असते, परंतु ती २०१६च्या रेरा कायद्यातली तरतूद आहे आणि एका व्यक्तीकडून चौदा वर्षांचे घर घेताना तिचा आपल्याला उपयोग नाही. आपल्याला लागू पडते ते मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२चे कलम ५५. त्याप्रमाणे मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडू शकणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. यातली मेख अशी, की डोळ्यांना दिसण्यासारखा दोष आपण पाहिला नाही तर तो आपल्याच पदरी पडतो. शिवाय हे कलम करारात वेगळे काही ठरले नसेल तरच चालते. खरेदीखतात ‘घर आहे त्या स्थितीत पाहून, पसंत करून घेतले’ असे एक वाक्य सरावाने घातलेले असते, त्याने ही ढालही जाते. तेव्हा आपली चीर, वरची खोली आणि गळतीचे प्रश्न मालकांना लेखी विचारावेत आणि उत्तरे लेखीच घ्यावीत.

आता आखाजीचे. मुहूर्त मोडावा असे मी म्हणणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचे मोल असते. त्या दिवशी सौदापावती करावी, पण इसाराची रक्कम लहान ठेवावी आणि पावतीत दोन अटी घालाव्यात. चांगले पाऊस होऊन गेल्यावर, जुलैअखेर, आपण इंजिनिअरसह घर पुन्हा पाहाल आणि खरेदीखत त्यानंतर होईल, ही एक. त्या पाहणीत काचपट्टी तुटलेली, कॉलमची सळई गंजलेली किंवा गच्ची गळकी आढळली तर इसार परत मिळेल किंवा दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा होईल, ही दुसरी. घराबद्दल निर्धास्त असलेल्या मालकाला तीन महिने थांबणे जड जाऊ नये. मालकांनी नकार दिला तर तेवढ्यावरून घर सोडू नये. मग पाण्याच्या चाचण्या आताच करून घ्याव्यात आणि भाव उतरवून मागावा. मात्र आरपार तिरपा तडा आणि त्याच कोपऱ्यात शोषखड्डा किंवा बुजवलेली विहीर, असा योग जुळला, किंवा वरच्या खोलीची भिंत स्लॅबच्या पोटावर निघाली, तर भाव कितीही उतरला तरी माझे मत नकाराचेच राहील, कारण त्या दुरुस्तीचा आकडा आधी कोणालाच सांगता येत नाही.

तपासणीची पहिली भेट येत्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास ठेवावी. पश्चिमेची भिंत किती तापते ते तेव्हाच तळहाताला कळते, आणि आतले पाहणे उरकून ऊन कलल्यावर बाहेर याल तोवर शेजारपाजारचे वृद्ध ओट्यावर येऊन बसलेले असतील. विहिरीचे त्यांनाच विचारावे.